बिनशिंगाचा पैलवान

आमच्या घरात माती दोन प्रकारची. एक माझी. ती पुण्याहून ट्रान्सपोर्टनं गोणीतून येते, राखाडी असते, चाळून-गाळून तयार केलेली; मागच्या पडवीत निळ्या बादल्यांमध्ये मी ती ओल्या फडक्याखाली झाकून ठेवते. दुसरी मामंजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. ती कधी कुणी मुद्दाम घरात आणली नाही, पण मी लग्न होऊन आले त्या दिवसापासून तिचा वास या घरात आहे. गल्लीच्या तोंडाशी तालीम आहे, तालमीत कुस्तीचा हौदा आहे, आणि त्या हौद्यातली तांबडी माती मामंजींच्या अंगाला, टॉवेलला, सायकलीच्या मुठींना चिकटून रोज आमच्याकडे मुक्कामाला यायची. गेल्या उन्हाळ्यात या दोन्हींची गाठ पडली, आणि ती घालून देणारे मामंजीच.

मी तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. निवृत्त झाल्यावर विजेवर चालणारं चाक आणि एक लहान भट्टी घेतली. नवऱ्यानं कपाळाला आठ्या घातल्या. घरात आधीच पाय ठेवायला जागा नाही, त्यात हा चिखल कशाला, म्हणाला. मामंजी शेजारी जेवत होते. मान वर न करता म्हणाले, "ह्या घराला मातीनंच भाकरी दिलीया. येऊ दे की." विषय तिथंच मिटला.

मामंजी मूळचे शाहूवाडीकडच्या डोंगरातल्या एका खेड्यातले. चार भाऊ भाताच्या खाचरात राबले, पाचवा कुस्ती खेळायला कोल्हापूरला आला आणि इथलाच झाला. आधी पैलवान, मग तालमीचे वस्ताद. चाळीस वर्षं वस्तादकी केली. कुस्तीत कान समोरच्याच्या खांद्यावर आणि मातीवर घासून घासून सुजतात आणि मग कायमचे आकसून गोळा होतात. त्याला कान मोडणं म्हणतात. तालमीतल्या तीन पिढ्यांचे कान मामंजींच्या देखत मोडले. त्यांचे स्वतःचे तर असे, की चष्म्याची काडी त्यावर टिकत नाही, मागून दोरी बांधावी लागते.

तीन वर्षांपूर्वी थंडीत, सकाळी तोंड धुताना त्यांच्या हातातला तांब्या पडला. उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. दवाखाना वेळेवर झाला म्हणून पाय सुधारला. काठी घेऊन चालायला लागले, जीभही सुटी झाली. उजव्या हाताची पकड मात्र परत आली नाही. चहा ते डाव्या हातानं बशीतून प्यायचे आणि उजवा हात मांडीवर ठेवलेला असायचा.

तरी ते तालमीत जात राहिले असते. बिघडलं ते मोहरमात. आमच्या तालमीत, कोल्हापुरातल्या कित्येक तालमींसारखा, मोहरमाला पिराचा पंजा, म्हणजे काठीवरचा धातूचा हात, बसतो. एका अंगाला मारुती, समोर पंजा, मध्ये हौदा. यात कुणाला कधी सांगण्यासारखं काही वाटलं नाही. पंजा बसला की पहिला ऊद वस्तादांच्या हातचा, आणि मामंजींनी वस्तादकी सोडली तरी तो मान त्यांचाच राहिला होता. लांब दांड्याचं पितळी धुपाटणं, त्यात निखारे, वर उदाची चिमूट. त्या वर्षी धुपाटणं मामंजींच्या हातात फिरलं आणि निखारे सतरंजीवर सांडले. कुणी पाणी आणलं, कुणी सतरंजी ओढून घेतली. बोललं मात्र कुणीच नाही. ज्या तालमीत साधी शिंक आली तरी चार जण चार शेरे मारतात, तिथं सगळी माणसं खाली बघत उभी राहिली.

मामंजी घरी आले, ओसरीवरच्या खुर्चीत बसले, आणि त्यानंतर त्यांनी तालमीची पायरी चढली नाही. आमच्या दारातून तालीम दिसते. शंभर पावलं असतील. पुढच्या मोहरमाला आत्ताचा वस्ताद, मामंजींच्याच हाताखाली तयार झालेला पन्नाशीतला पठ्ठा, बोलवायला आला होता. "मला न्हाय जमायचं," असं मामंजी म्हणाले, आणि तो "बरं" म्हणून हळूच निघून गेला.

मला ते बघवत नव्हतं. या माणसानं ती शंभर पावलं परत चालावीत, एवढंच मला हवं होतं. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी एक पिवळा रबरी चेंडू दिला होता, दिवसातून शंभरदा दाबायला. "चेंडू दाबत बसाय मी काय पाळन्यात हाय व्हय?" म्हणून त्यांनी तो खिडकीत ठेवला. माझा स्वभाव तापट. मी भांडून बघितलं, गोड बोलून बघितलं, शेवटी हात टेकले.

अशात मार्चमध्ये पुण्याहून लेकीचा फोन आला. ती तिकडे नोकरी करते आणि उरलेला सगळा वेळ कोरियन मालिका बघते. आधी नुसती बघायची, मग भाषा शिकायला लागली. आता घरी आली की नूडल्स खाताना फुर्रर्र आवाज करते आणि तिकडचा रिवाजच तसा आहे म्हणून आम्हालाच शिकवते. तिच्या क्लासमधल्या मैत्रिणी मे महिन्यात एका प्रदर्शनात कोरियन वस्तूंचा स्टॉल लावणार होत्या. "आई, तू मातीच्या धूपदाण्या कर ना. तिकडच्या लोककथांवरून. बाराच कर." मी म्हटलं, मला कोरियातलं काय कळतंय? तर ती रोज फोनवर एक गोष्ट सांगायला लागली. संध्याकाळच्या चहाला ती गोष्ट मी मामंजींना सांगायचे, कारण घरात दुसरं कुणी ऐकून घेणारं नव्हतं.

पहिला आला वाघ. 'वाघ चिलीम ओढायचे त्या काळी' अशी त्यांच्याकडे गोष्टीला सुरुवात करतात म्हणे. मला ही कल्पना फारच आवडली. वाघ ऐटीत बसलेला, पोटात धूप पेटलेला, तोंडात लांब चिलीम आणि चिलमीतून धूर. मामंजी म्हणाले, "वाघ चिलीम वढतोय, मग शेरडं काय तंबाखू मळून देत्यात?" पण हसले.

दुसरं आलं ते भूत. तिकडे त्याला दोक्केबी म्हणतात. वर्षानुवर्षं माणसाच्या हातात राहिलेली वस्तू झिजली म्हणून टाकून दिली, की तिचं हे भूत होतं. जुनी केरसुणी, मोडकं मुसळ, असलं काहीही. ते कुणाला खात नाही की झपाटत नाही. बाजार करून घरी निघालेल्या माणसाला वाटेत अडवतं आणि म्हणतं, माझ्याशी कुस्ती खेळ. दोघांची झुंज चालते. माणूस एकदाचा त्याला पाडतो, झाडाला बांधून घरी जातो, आणि उजाडल्यावर येऊन बघतो तर झाडाला केरसुणी बांधलेली.

मामंजींनी बशी खाली ठेवली. "नुसती कुस्तीच मागतंय? दुसरं काय न्हाय?"

"दुसरं काही नाही."

"मग पाडायचं कसं त्याला?"

मी लेकीला परत फोन लावला. ती म्हणाली, त्याची उजवी बाजू कच्ची असते, तिकडून रेटलं की पडतं. मी तसं सांगितलं. मामंजी मग डाव्या हातानं उजवा हात नीट मांडीवर सरकवत म्हणाले, "म्हंजे उजवं अंग गेलेलं हाय." चहा संपवून पुन्हा म्हणाले, "आपल्यात केरसुनीला पाय लागला तर पाया पडत्यात. त्येंनी टाकून दिली आसंल, म्हनून उठली ती. मलकापूरच्या बाजारातनं येताना आमच्याकडं चकवा लागायचा. पर त्यो नुसता गरागरा फिरवतोय. त्यापरीस कुस्ती मागनारं भूत बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते काठी टेकत मागच्या पडवीत आले आणि ते भूत कसं करणार हैस, म्हणून विचारायला लागले. मी संधी साधली. "मामंजी, माझा खांदा धरलाय. एवढी माती मळून द्याल का?" खांद्याला काहीही झालेलं नव्हतं. ते खुर्चीत बसले, मातीत बोट घातलं, नाकाशी नेलं आणि तोंड वाकडं केलं.

"ही माती उपाशी हाय."

"म्हणजे?"

"कुनी काय खायाला घातलं न्हाय हिला."

मी हसले आणि विसरून गेले.

पण त्यांनी मळायला घेतली. पहिले चार दिवस काम डाव्या हाताचं, उजवा नुसता वर ठेवलेला. मग उजव्याचा तळवा जोर द्यायला लागला. पंधरा-वीस दिवसांनी एका सकाळी त्यांनी मळून दिलेल्या गोळ्यावर मला उजव्या हाताच्या पाचही बोटांचे ठसे दिसले, करंगळीचासुद्धा. त्या गोळ्याचं मी काही केलं नाही. तसाच फळीवर ठेवला, आणि येता-जाता बघत राहिले. खिडकीतल्या चेंडूचा विषय आम्ही दोघांनीही काढला नाही.

भांडण लागलं ते शिंगांवरून. लेकीनं मोबाइलवर पाठवलेल्या चित्रांत भुताला शिंगं होती, आणि तशीही भुताला शिंगं असायचीच, असं माझं चित्रकलेच्या बाईचं मत. मी सहा वाघ आणि सहा भुतं करायला घेतली होती. भुतं बुटकी, ढेरपोटी, रुंद बुडाची, मोठा आ वासलेली. निखारे आणि ऊद तोंडातून आत घालायचा आणि धूर पोकळ शिंगांतून वर निघणार, असा माझा बेत.

"शिंगं काढ," मामंजी म्हणाले.

"का?"

"कुस्ती खेळतंय न्हवं ते? कुस्तीगिराला शिंगं नसत्यात. पकड घेताना समोरच्याच्या डोळ्यात जातील. असल्याला हौद्यात कोन घील?"

"अहो मामंजी, भूत आहे ते!"

"असू दे की. नेम सगळ्यास्नी सारखा." मग मान वळवून त्यांनी मला कान दाखवला. "आनि कान मोड त्येचं. कान मोडल्याबिगर पैलवान कसला?"

कान मला पटले. नमुना समोरच बसलेला होता. सहाही भुतांचे कान मी अंगच्याच मातीतून ओढून काढले आणि चिमटीत धरून चांगले जाडजूड मोडले. शिंगं मात्र वेगळी वळली आणि रेघोट्या मारून पातळ मातीनं डोक्याला चिकटवली. वाघांच्या तोंडात चिलमीही तशाच चिकटवल्या. मी ऐकणारी नव्हते, आणि ते रोज सकाळी एकदा "शिंगं काढ" म्हटल्याशिवाय मातीला हात लावत नव्हते.

वाळताना शिंगांच्या बुडाशी बारीक चीर दिसली. मी ती ओल्या बोटानं पुसली. बादलीतून आंबूस वास येत होता, पण मुरवलेल्या मातीला तो येतोच. हळदीचा वास येत होता, पण मामंजींच्या हाताला रोज हळद-तेल चोळतात, तो आमच्या घराचाच वास. एकदा ताकाचं पातेलं रिकामं सापडलं तेव्हा मी नवऱ्याला फाडफाड बोलले. तो बिचारा देवाशपथ सांगत होता की मी थेंब घेतला नाही.

भट्टी लावली त्या सकाळी पडवीत धूर झाला. विजेच्या भट्टीला धूर कसा, हे मला कळेना. शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावल्या. "काय तळाय घातलंयसा?" दुसऱ्या दिवशी दुपारी भट्टी गार झाल्यावर मी झाकण उघडलं. एकूण एक शिंग गळून पडलं होतं. चिलमीही पडल्या होत्या. अंगं ठणठणीत, कुठं तडा नाही, कान जिथल्या तिथं. पण जे जे मी वरून चिकटवलं होतं ते सगळं सुटून तळाशी गोळा झालेलं. वाघांच्या तोंडाला भोक आणि भुतांच्या टाळूवर दोन दोन भोकं. प्रदर्शन बारा दिवसांवर आलेलं.

मी तिथंच फरशीवर बसले. मामंजी काठी टेकत आले, भट्टीत वाकून बघितलं, आणि म्हणाले, "मीच घातलं."

"काय घातलं?"

"खायाला. तेल, ताक, लिंबू, हळद. तू बाजारला गेलीस की थोडं थोडं. हौद्याला घालतो तसं. कापूर न्हाय घातला. तुला वास आला असता."

हौद्यातली माती अशीच पोसतात, हे मला माहीत होतं. तेला-ताकानं ती लोण्यासारखी मऊ राहते, अंगाला बोचत नाही, पैलवानाची जखम चिघळत नाही. चाळीस वर्षं या माणसानं माती खाऊ घालून वाढवली होती, आणि माझी उपाशी बघून त्यांच्यानं राहवलं नव्हतं. पण तेल प्यायलेल्या मातीला दुसरी माती धरत नाही. तेवढं त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ते मला मात्र त्या क्षणी पुरेपूर ठाऊक होतं. माझा पारा चढला.

"ही काय तुमची तालीम आहे? तालीम तर तुम्ही सोडून बसलाय! तिथं जायची हिंमत नाही, आणि इथं माझ्या मातीत लुडबूड!"

बोलले आणि माझाच हात माझ्या तोंडावर गेला. मामंजी वळले आणि हळूहळू पुढं ओसरीवर गेले.

दुसऱ्या दिवशी ते मळायला आले नाहीत. मला माझीच लाज वाटत होती, आणि माफी मागायला जीभ रेटत नव्हती. दोन दिवस मी त्यांच्यापुढं ताट ठेवत होते आणि उचलत होते. तेही डाव्या हातानं मुकाट जेवत होते. उजवा हात पुन्हा मांडीवर गेला होता. वीस-पंचवीस दिवसांत जे जरासं जमलं होतं ते मी एका वाक्यात घालवलं, असं मला वाटलं.

तिसऱ्या दिवशी मी लेकीला फोटो पाठवले, काय नासाडी झाली ते कळावं म्हणून. तासाभरात तिचा फोन आला. ती किंचाळतच होती. त्यांच्या क्लासच्या बाई मूळच्या कोरियाच्या, साठीच्या. त्यांनी फोटो बघितला आणि हसायलाच लागल्या म्हणे. म्हणाल्या, आमचं खरं दोक्केबी हे असंच. शिंगं नंतर जपानी चित्रांतून आली, आता जो तो शिंगंच काढतो. आम्ही लहानपणी ऐकलं ते माणसासारखंच होतं, अंगानं दांडगं, कुस्तीवेडं. आणि हे कान कुणाला सुचले? आमच्याकडच्या पैलवानांचेही कान असेच मोडतात.

"आई, तुला कसं गं कळलं?"

"तुझ्या आजोबांना कळलं," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

ओसरीवर गेले आणि मामंजींच्या खुर्चीपाशी जोत्यावर बसले. "मामंजी, चुकलं माझं. तालमीचं बोलायला नको होतं." मग शिंगांचं सगळं सांगितलं.

"मग!" ते म्हणाले. "भुताचं मला काय ठावं न्हाय. कुस्तीचं ठावं हाय." मग बराच वेळ रस्त्याकडं बघत बसले. एक टेम्पो गेला, दोन मोटरसायकली गेल्या. "तू वरडलीस ते बरं केलंस पोरी," म्हणाले. "इतक्या दिसात माज्यावर कुनी वरडलंच न्हाय. सगळी मऊ बोलत्यात. निखारं सांडलं तवा एकानं तरी म्हनायचं हुतं, म्हाताऱ्या, डोळं फुटलं काय. कुनी तोंड उघाडलं न्हाय. तवाच मला कळलं, ह्येंनी आपल्याला मोडीत काढलं."

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही. दोन वर्षं मी हाताच्या दुखण्याशी भांडत होते, आणि दुखत होतं ते दुसरीकडेच.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "वाघाची चिलीम पडली ती पडलीच?"

"पडलीच."

"सुटला बिचारा."

दुसऱ्या दिवसापासून ते परत मळायला बसले. तेलाची बरणी मी उंच फळीवर ठेवली, ते बघून ते गालात हसले. बारा धूपदाण्यांना झिलई दिली, परत भाजल्या, आणि अकरा पुण्याला पाठवल्या. वाघांच्या तोंडातल्या भोकातून धूर छान निघतो. चिलमीची आठवण कुणाला आली नाही. गळालेली बारा शिंगं एका डब्यात आहेत. टाकली तर उठून कुस्ती मागतील, असं मामंजींचं म्हणणं.

बारावी धूपदाणी, सगळ्यांत वेड्यावाकड्या कानांचं भूत, मामंजींनी आपल्यासाठी ठेवून घेतलं. कशाला, ते सांगितलं नाही. पण मी आंधळी नाही. पितळी धुपाटण्याचा सगळा भार पुढं, मनगट जरा हललं की ते फिरतं. हे बुटकं. बुडाला राख भरून वर चार निखारे ठेवले, की दोन्ही मोडके कान धरून उचलता यायचं, आणि कान सोसण्याइतके गार राहायचे. जूनभर सकाळी पडवीत त्यांचा सराव चालला. भूत उचलायचं, कट्ट्यावर ठेवायचं, उजव्या हाताच्या चिमटीत ऊद घ्यायचा आणि भुताच्या तोंडात टाकायचा. दहांतून चारदा आत पडायचा. डास मात्र आमच्या घरातून हद्दपार झाले.

मोहरम आला. त्यांचा पठ्ठा दारात उभा राहिला, चपला काढून, आवाज खाली घेऊन. "वस्ताद, उदाला येनार का? जमंल तसं बगा. बळं न्हाय."

"येतो," मामंजी म्हणाले.

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं.

एरवी बाया तालमीत जात नाहीत, पंजाच्या दर्शनाला मात्र सगळेच जातात. दिवेलागणीला आम्ही निघालो. काठी त्यांनी माझ्याकडं दिली आणि दोन्ही हातांनी भुताचे कान धरून स्वतः चालले. शंभर पावलांना बराच वेळ लागला. आम्ही आत शिरलो तशी माणसं उठून उभी राहिली आणि तालीम गप्प झाली. तीच शांतता.

पंजाची सेवा करणारे मुजावर चाचा भुताकडं निरखून बघत राहिले. "वस्ताद, ह्ये कोन?"

"कोरियाचा पैलवान."

चाचांनी भुताचे कान बघितले, जरा विचार केला. "पैलवान हाय तर हौद्याकडंच बसवा त्येला. धूर काय, समद्याकडं जातोय."

मामंजींनी भूत हौद्याच्या कट्ट्यावर बसवलं, मारुती आणि पंजा यांच्या मधोमध. कुणीतरी चिमट्यानं निखारे घातले. मामंजींनी उजवा हात उदाच्या वाटीत नेला. चिमूट भरली, हात उचलला, आणि भुताच्या तोंडाशी येईपर्यंत निम्मा ऊद त्याच्या ढेरीवरून घरंगळत हौद्यात सांडला. निम्मा आत पडला. भुताच्या टाळूवरच्या दोन भोकांतून धुराच्या दोन शेंड्या सरळ वर गेल्या.

कुणी हललं नाही. मामंजी हात तसाच धरून उभे होते. मला वाटलं, आता संपलं.

पठ्ठा माझ्या समोरच होता. तो भुताचा कान बघत होता, मग मामंजींचा कान बघत होता, मग परत भुताचा. त्यानं ओठ दाबून धरले होते, पण खांदे हलायला लागले. मग त्याच्यानं राहवलं नाही.

"वस्ताद, निम्मा ऊद हौद्यालाच चारलासा की! आनि ह्यो कुटला कोरियाचा? ह्यो तर तुमीच हायसा!"

अख्खी तालीम हसली. मागून कुणीतरी ओरडलं, "वस्तादांस्नी पोट जरा जास्ती हाय!" दुसरा म्हणाला, "चश्मा घाला त्येला, दोरीचा!" मुजावर चाचा तोंडाला रुमाल लावून हसत होते. मामंजींनी सगळ्यांवरून नजर फिरवली. त्यांचा चेहरा लाल झाला होता, आणि इतका आनंद मी त्या चेहऱ्यावर नातीच्या बारशानंतर बघितला नव्हता.

"हास लेका," ते पठ्ठ्याला म्हणाले. "ये हिकडं. दावतो तुला कोरियाचा डाव." आणि त्यांनी उजवा हात पुढं केला.

त्यानं मनगट दिलं. मामंजींची बोटं एक एक करत मिटली. पठ्ठ्यानं तोंड वेडंवाकडं केलं, "सोडा की वस्ताद, दुकतंय," म्हणाला, आणि सगळे परत हसले. तो मुद्दाम करतोय, म्हाताऱ्याचं मन राखतोय, असं मला वाटलं. मग त्यानं मनगट सोडवून घेतलं आणि दुसऱ्या हातानं चोळायला लागला. दिवा त्याच्या डोक्यावरच होता. मनगटावर लाल खुणा उमटल्या होत्या. पाचही बोटांच्या होत्या, करंगळीचीसुद्धा.